शब्दचर्चा: न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरांच्या जोड्या कशा ‘फिरतात’?

प्रश्न

न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा) किंवा कृष्णविवर असलेल्या ताऱ्यांच्या जोड्यांवर एक लेख लिहिते आहे. मसुदा वाचताना लक्षात आलं, की ‘प्रदक्षिणा’, ‘परिभ्रमण’, ‘गिरक्या’ आणि ‘घिरट्या’ हे शब्द मी आलटूनपालटून वापरले आहेत. चालेल का? या जोडीला जुळे तारे म्हणावं, जोडतारा, युग्मतारा की द्वैती? आणि कक्षा हळूहळू लहान होत जाते, त्याला ‘कक्षेचा ऱ्हास’ म्हणणं कसं वाटतं?

प्रतिसाद

आलटूनपालटून नको. एकाच जोडीत तीन-चार निरनिराळ्या गती असतात. शब्द सरमिसळ झाले तर वाचकाला नेमकं काय फिरतंय तेच कळणार नाही.

‘प्रदक्षिणा’ म्हटलं की मधलं स्थान अढळ आणि फिरणारा एकटा. पृथ्वी आणि सूर्याच्या बाबतीत हे खपून जातं, कारण सूर्य प्रचंड जड आहे. आता रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांनी १९७४ मध्ये अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने शोधलेली जोडी घ्या. दोन्ही न्यूट्रॉन तारे आणि दोघांचंही वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पट. यात प्रदक्षिणा कोण कोणाला घालणार? दोघेही मधल्या रिकाम्या जागेतल्या गुरुत्वमध्याभोवती फिरतात आणि पावणेआठ तासांत एक फेरी पुरी करतात. म्हणून ‘एकमेकांभोवती परिभ्रमण’ असं लिहा. पहिल्यांदा शब्द येईल तिथे गुरुत्वमध्याचा उल्लेख एकदा करा, म्हणजे पुढे अडचण येणार नाही.

‘गिरकी’ स्वतःभोवतीची. याच जोडीतला स्पंदक, म्हणजे फिरताना दीपगृहासारखा रेडिओ-झोत फेकणारा न्यूट्रॉन तारा, सेकंदाला सुमारे १७ वेळा स्वतःभोवती फिरतो. ते परिवलन. तिथे ‘गिरक्या घेतो’ अगदी शोभेल, पण सहचराभोवतीच्या फेरीला तो शब्द देऊ नका. ‘घिरट्या’ मात्र पूर्ण काढून टाका. घिरट्या घालणाऱ्याची वाट ठरलेली नसते. या ताऱ्यांची वाट इतकी काटेकोर असते, की तिच्यातला वर्षभरात सेकंदाच्या दशलक्षांशांनी पडणारा फरकही मोजता आला.

आता तुम्ही विचारलं नाही, पण लेखात येणारच अशी तिसरी गती. या जोडीची कक्षा चांगलीच लांबट आहे, उत्केंद्रता (लांबटपणाचं माप, वर्तुळासाठी शून्य) ०.६१७. दोघे सर्वांत जवळ येतात तो बिंदू दर फेरीला थोडा पुढे सरकतो, म्हणजे सगळी लंबवर्तुळाकार कक्षाच वळत जाते. वर्षाला ४.२ अंश! बुधाच्या बाबतीत सापेक्षतेमुळे होणारी ही सरक शतकाला अवघी ४३ विकला आहे (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). बुधाला त्यासाठी शंभर वर्षं लागतात आणि या जोडीचं ते साधारण एका दिवसात होतं. माझ्या मते तुमच्या लेखाचा हा गाभा असायला हवा.

याला ‘परांचन’ म्हणण्याचा मोह होईल. मी तो शब्द आसाच्या डुलण्यासाठी राखून ठेवीन, कारण पाठ्यपुस्तकांमुळे पृथ्वीच्या आसाचं परांचन वाचकाला माहीत असतं. आणि या जोड्यांमध्ये दोन्ही गोष्टी घडतात! २००३ मध्ये सापडलेल्या दुहेरी स्पंदकात, म्हणजे दोघेही स्पंदक असलेल्या जोडीत, कक्षा वर्षाला जवळजवळ १७ अंश वळते. शिवाय त्यातल्या संथ स्पंदकाचा आस वर्षाला साधारण ५ अंश डुलतो. त्यामुळे २००८ मध्ये त्याचा झोत पृथ्वीवरून सरकला आणि त्याचे स्पंद दिसेनासे झाले. तारा होता तिथेच होता. दोन्हींना परांचन म्हटलंत तर ही हकिकत सांगताच येणार नाही. पहिल्याला ‘कक्षेचं वळणं’ आणि दुसऱ्याला ‘आसाचं परांचन’ असं वेगळं ठेवा. ‘उपसूर्य बिंदू’ही इथे नको, सूर्यच नाही. ‘निकटबिंदू’ पुरे.

दुसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त जोडीच्या नावाबद्दल लिहितो.

‘जुळे’ म्हणजे एकत्र जन्मलेले. पुष्कळ जोड्या तशा असतातही. पण गोलाकार तारकागुच्छांत तारे इतक्या दाटीने असतात, की एखादा न्यूट्रॉन तारा दुसऱ्या जोडीजवळून जाताना तिच्यातल्या एकाला हुसकावून त्याची जागा घेतो. अशा जोडीला जुळे म्हणणं म्हणजे तिचा जन्मच खोटा सांगणं.

‘जोडतारा’ मला आवडतो, पण त्यात एक संदिग्धता आहे. आकाशात नुसते शेजारी दिसणारे, प्रत्यक्षात एकमेकांपासून फार दूर असलेले तारेही लोक याच नावाने ओळखतात. विल्यम हर्षेल यांनी १८०२ मध्ये गुरुत्वाकर्षणाने खरोखर बांधलेल्या जोड्यांसाठी वेगळी संज्ञा वापरली, ती हाच फरक दाखवायला. मराठीत तो अर्थ ‘द्वैती’ किंवा ‘युग्मतारा’ पेलतो. दोन्हींपैकी एक धरा आणि तोच शेवटपर्यंत ठेवा.

दोन्ही कृष्णविवरं असतील तर मात्र ‘द्वैती तारा’ही जमत नाही, तिथे तारा उरलेलाच नसतो. सरळ ‘कृष्णविवरांची जोडी’ म्हणावं.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे आभार. परांचनाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. ‘ऱ्हास’बद्दल मात्र अजून अडले आहे. ऊर्जा कमी होते तर वेगही मंदावत असेल, म्हणून ‘जोडी मंदावत जाते’ असं लिहिलं आहे.

प्रतिसाद

ते वाक्य कृपया बदला. इथे शब्दच नाही, भौतिकी चुकते आहे. गुरुत्वीय लहरींमधून (अवकाशातच उठणाऱ्या, बाहेर पसरणाऱ्या तरंगांमधून) ऊर्जा गेली की तारे एकमेकांच्या जवळ येतात, आणि जवळ आले की त्यांचा वेग वाढतो. हल्स-टेलर जोडीचा आवर्तकाल, म्हणजे एका फेरीचा वेळ, वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी कमी होतो. फेरी लवकर पुरी होते आहे, उशिरा नव्हे. हा फरक आइन्स्टाइनच्या सिद्धांताशी तंतोतंत जुळतो. हा स्पंदक शोधल्याबद्दल हल्स आणि टेलर यांना १९९३ चं नोबेल मिळालं.

‘ऱ्हास’ आणि ‘क्षय’ या दोन्ही शब्दांत दुबळं होणं आहे. प्रत्यक्षात जोडी दर फेरीला अधिक चपळ होते. मी ‘कक्षा आकसते’ असं लिहीन. दुहेरी स्पंदकाची कक्षा दिवसाला ७ मिलिमीटर आकसते. अशा बारीक मापालाही हा शब्द चालतो आणि शेवटच्या क्षणांनाही.

ते शेवटचे क्षण लेखात असतीलच. १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेल्या गुरुत्वीय लहरी सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या होत्या. एकत्र येताना ती सेकंदाला ७५ फेऱ्या मारत होती, आणि आपल्याला टिपता आलेला भाग जेमतेम ०.२ सेकंदांचा. तिथे ‘टक्कर’ लिहू नका. कृष्णविवराला आदळण्याजोगा पृष्ठभाग नसतो, ती ‘विलीन’ होतात. १७ ऑगस्ट २०१७ ला टिपलेले न्यूट्रॉन तारे मात्र खरोखर आदळले. त्यांच्यातलं द्रव्य अवकाशात उधळलं गेलं आणि त्याचा प्रकाश दुर्बिणींनी पाहिला. तिथे ‘टक्कर’ योग्यच.

दुसरा प्रतिसाद

अजून एक शब्द जपून वापरा: ‘गिळणे’. हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ मध्ये कृष्णविवर आणि निळा महाकाय तारा ५.६ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. त्या ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, तापतो आणि क्ष-किरण बाहेर पडतात. तिथेही मी ‘ओढून घेतं’ म्हणेन, कारण क्ष-किरण येतात ते वायू आत पडण्याआधीच.

आणि पुष्कळ जोड्यांमध्ये तेवढंही घडत नाही. गाया या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सापडलेलं, २०२४ मध्ये जाहीर झालेलं गाया बीएच-३ हे कृष्णविवर सूर्याच्या जवळजवळ ३३ पट वस्तुमानाचं आहे, पण त्याचा सहचर सुमारे साडेअकरा वर्षांची लांबलचक फेरी निवांत मारतो आहे. तो आकाशात किंचित हेलकावताना दिसला म्हणून न दिसणाऱ्या जोडीदाराचा पत्ता लागला. ‘हेलकावे’ हाच शब्द ठेवा. मसुद्यात ‘डगमगतो’ असेल तर काढा, तो तारा कुठेही पडायला आलेला नाही.