घाटाची दिशाही बघा
गाडीने घाटात फिरायला जायचं तर 'नकाशावर उंचीचा आलेख बघून घाट निवडा' असं सुचवलं जातं, ते पटलंच. पण तोच घाट कुठल्या बाजूने चढायचा, हा मुद्दा राहिला. खिंडीच्या दोन्ही बाजूंचा उतार सहसा सारखा नसतो. शक्य असेल तर तीव्र बाजूने चढावं, सौम्य बाजूने उतरावं. चढताना फार तर इंजिन तापतं. खरा कस ब्रेकचा लागतो तो उतरताना. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल धरलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. सतत ब्रेक दाबून ते उकळलं की पेडल थेट तळाला! म्हणून खालचा गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाकावा, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरतं.

आता देखाव्याचं. डावीकडून गाडी चालवत असाल तर दरी डाव्या हाताला येईल अशा दिशेने जा. दरीकाठच्या थांब्यावर वळताना समोरची वाहतूक छेदावी लागत नाही आणि शेजारी बसलेल्याची चंगळ होते (चालवणाऱ्याने रस्ताच बघायचा). पाऊस किंवा धुकं असेल तर मात्र मी डोंगराकडची लेन देणारी दिशा घेतो. दरड सैल असेल तर तीही नको, सरळ दुसरा रस्ता धरायचा.