बहिणीला सिलिअ‍ॅक आहे. लक्षणे नसलेल्या भावाची रक्ततपासणी करावी का?

प्रश्न

माझ्या सात वर्षांच्या मुलीला नुकतेच सिलिअ‍ॅक आजाराचे (गहू, बार्ली, राय यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते तो आजार) निदान झाले आहे. तिचे वजन वाढत नव्हते आणि लोहाचे औषध देऊनही हिमोग्लोबिन वर येत नव्हते, त्यावरून डॉक्टरांना शंका आली. आता त्यांनी तिच्या चार वर्षांच्या भावाचीही रक्ततपासणी करून घ्यायला सांगितले आहे. त्याचे पोट बिघडत नाही, तो नीट जेवतो, उंचीही वयाप्रमाणे आहे. मग त्याला सुई टोचण्याची खरोखर गरज आहे का? घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, आधी महिनाभर त्याचा गहू बंद करून पाहावा आणि फरक वाटला तरच तपासणी करावी. शिवाय रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर विषय कायमचा मिटला असे समजायचे का?

उत्तर १

तपासणी अवश्य करावी, आणि रक्त दिले जाईपर्यंत गहू अजिबात बंद करू नये. यातली दुसरी गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण काळजीपोटीच घराघरांत नेमके उलटे केले जाते. टीटीजी आयजीए ही चाचणी शरीराने स्वतःच्याच ट्रान्सग्लूटामिनेज नावाच्या विकराविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मोजते. आहारातून ग्लूटेन येत राहिले तरच ती बनत राहतात. गहू, बार्ली आणि राय बंद केले की त्यांचे प्रमाण हळूहळू उतरू लागते. अशा वेळी आजार असूनही रिपोर्ट चांगला दिसू शकतो, आणि खरे काय ते कळण्यासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे ग्लूटेन खाऊ घालावे लागते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची सूचना अशी आहे की, चाचणीपूर्वी किमान ६ आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन असावे.

लक्षणे नाहीत म्हणून निर्धास्त राहता येत नाही. सर्वसाधारण लोकसंख्येत हा आजार साधारण १०० जणांत एकाला असतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत मात्र हे प्रमाण कितीतरी अधिक, म्हणजे दहांत एकाच्या आसपास असते. त्यातल्या काहींना पोटाचा कसलाच त्रास नसतो, आणि तरीही लहान आतड्याच्या अस्तरातील रसांकुर (अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे) झिजत असतात.

उत्तर २

त्याच नमुन्यातून ‘एकूण आयजीए’ही मोजायला सांगावे. काही मुलांच्या शरीरात आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकार जन्मतःच फार कमी असतो, आणि सिलिअ‍ॅकच्या रुग्णांत ही कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते. अशा मुलाची टीटीजी आयजीए चाचणी निगेटिव्ह आली, तरी तिला काही अर्थ उरत नाही. त्यांच्यासाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांवर आधारित चाचण्या कराव्या लागतात.

रिपोर्टवर केवळ ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून थांबू नये. आकड्याशेजारी छापलेली त्या लॅबची मर्यादाही पाहावी, कारण ती प्रत्येक लॅबची वेगळी असते. मर्यादा २० असेल तर २८ आणि २८० यांत मोठा फरक आहे. युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टीटीजी आयजीए मर्यादेच्या १० पट किंवा अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या, स्वतंत्र नमुन्यात ईएमए ही प्रतिपिंडांची दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर पालकांशी चर्चा करून बायोप्सीशिवाय (आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून न तपासता) निदान करता येते. आकडा किंचित वाढलेला असेल, तर घाई न करता पुढची दिशा तज्ज्ञांनाच ठरवू द्यावी.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त टीटीजी आयजीए लिहिले आहे. एकूण आयजीएबद्दल त्यांना आजच विचारते. गहू चालूच ठेवू. पण निगेटिव्ह आल्यास पुढे काय?

उत्तर १

निगेटिव्ह म्हणजे आज आजाराची खूण नाही, एवढेच. तो पुढे कोणत्याही वयात उद्भवू शकतो, म्हणून काही वर्षांच्या अंतराने तपासणी पुन्हा करतात. वाढ खुंटली किंवा रक्त कमी झाले तर त्याआधीच. वारंवार सुई नको असेल, तर एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची चाचणी एकदाच करता येते. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक होण्याची शक्यता जवळजवळ नसते. असतील, तर त्यावरून निदान मात्र होत नाही, कारण ही जनुके असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही.

आणि आई-वडील हेही भावंडांसारखेच सर्वांत जवळचे रक्ताचे नातेवाईक. त्यामुळे मुलाबरोबर आपण दोघांनीही रक्त देऊन यावे.