लॉन काढून नुसती खडी नको
बागेतलं लॉन काढून सगळीकडे खडी पसरली की जास्त पाणी लागण्याचा प्रश्न मिटला असं काही जण म्हणतात, पण खडी उन्हात जाम तापते आणि शेजारची झाडं होरपळतात, मी करून बसलोय हे. त्यापेक्षा पालापाचोळ्याचं ५-७ सेंमी आच्छादन घाला, फक्त खोडाला टेकवू नका, खोड कुजतं. आणि रोज वरवर शिंपडणं बंद करा राव, त्याने मुळं वरच राहतात. ड्रिप (ठिबक नळी) सावकाश चालवून मग लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून बघा, १५-२० सेंमी सहज गेला तर पाणी मुरलंय, अडला तर अजून सोडा. हां, कमी पाण्यावर जगणारी झाडंसुद्धा पहिलं वर्षभर पाणी मागतातच, तिथे कंजुषी केली की गेलीच समजा.