फर्मची साइट नीट करायचीय, आधी एचटीटीपीएस, आधी मोबाइल की सरळ नवीनच?

नकाशेवाला:
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमची आर्किटेक्टची फर्म आहे आणि साइटचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी काही डेव्हलपर नाही, पण ऑफिसात ज्याला कॉम्प्युटर बरा जमतो त्याच्याकडेच ही कामं येतात ना, तसं. साइट जुनी आहे, होमपेजवर भलामोठा स्लायडर, प्रोजेक्टची पानं म्हणजे नुसते फोटो, आणि आम्ही काय काय करतो ते सगळं एका पीडीएफमध्ये. अजून एचटीटीपीवरच (माहिती उघडी पाठवणारी जुनी पद्धत) आहे त्यामुळे क्रोममध्ये 'नॉट सिक्युअर' दिसतं, एका क्लायंटने तर स्क्रीनशॉट पाठवून विचारलं की तुमची साइट हॅक झालीये का. फर्मचं नाव टाकलं की सर्चमध्ये येतो, पण आम्ही जे काम करतो ते टाकलं (जुन्या इमारतींची डागडुजी, हॉस्पिटलचं डिझाइन) तर कुठेच पत्ता नाही. आता एक एजन्सी म्हणतेय की हे सगळं फेकून द्या, नवीन डोमेन घ्या, पहिल्या पानावर आणायची गॅरंटी. पार्टनरांना पटलंय. मला पटत नाहीये पण का ते नीट सांगता येत नाहीये. सुरुवात कुठून करू?

जुना_सर्व्हर:
गॅरंटी म्हणाले ना, मग तिथेच विषय संपला. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही हे गूगलच लिहून सांगतं. आणि नवीन डोमेन कशाला हो? इतक्या वर्षांत इकडून तिकडून ज्या लिंका मिळाल्यात त्या जुन्या पत्त्याला मिळाल्यात, ती कमाई आहे तुमची.

आधी एचटीटीपीएस (एचटीटीपीचंच सुरक्षित रूप) करा, बाकी सगळं नंतर. गूगलने २०१४ मध्येच तो रँकिंग सिग्नल (सर्चमधला क्रम ठरवताना बघायची गोष्ट) केला पण तो तसा हलकाच आहे, त्याने रातोरात वर याल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. खरा दट्ट्या ब्राउजरचा आहे. जुलै २०१८ मध्ये क्रोम ६८ आलं तेव्हापासून प्रत्येक एचटीटीपी पानावर ते 'नॉट सिक्युअर' येतंय, आणि पुढे ऑक्टोबर २०२६ मधल्या क्रोम १५४ पासून अशी साइट पहिल्यांदा उघडताना आधी परवानगी विचारणार असं त्यांनी जाहीर केलंय. म्हणजे नवीन क्लायंट साइट बघायच्या आधी इशारा बघणार. तुमच्या धंद्यात, जिथे लोक भरवशावर येतात, तिथे हे रँकिंगपेक्षा महाग पडेल.

त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं, बहुतेक होस्टिंगवाल्यांकडे एका बटणावर असतं. फक्त रिन्यूअल ऑटोमॅटिक आहे ना ते बघा, कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून हाताने करायचे दिवस गेले, कारण सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार असं ठरलंय. मग प्रत्येक जुन्या एचटीटीपी पत्त्यावरून त्याच पानाच्या एचटीटीपीएस पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (आपोआप, कायमचं पुढे पाठवणं), आणि तो एका उडीत, एचटीटीपीवरून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला मग तिथून एचटीटीपीएसला असा गोल फिरवू नका. शेवटी पानाच्या आत कुठे स्क्रिप्ट किंवा फॉन्ट एचटीटीपीने ओढलाय का ते शोधा, ब्राउजर ते सरळ ब्लॉक करतो आणि मग नकाशा नाहीतर चौकशीचा फॉर्म गप पडतो, कोणाला कळतही नाही. आणि हो, झाल्यावर पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह शोधत बसू नका, डेस्कटॉप क्रोमने ते २०२३ मध्येच काढलं :)

पिक्सेलपुराण:
वरच्याला अनुमोदन. पण खरं दुखणं तुमचा स्लायडर आहे, हे न बघता सांगतो. आर्किटेक्टांच्या साइटवर नेहमी हेच, कॅमेऱ्यातून निघालेला फोटो जसाच्या तसा चढवलेला, आणि फोनवर तो बोटभर दिसतो पण उतरतो मात्र पूर्ण साइजचा.

गूगल बघतं ते तीन आकडे. मुख्य मजकूर किंवा फोटो दिसायला लागलेला वेळ (एलसीपी) अडीच सेकंदांच्या आत, क्लिक केल्यावर पान हलायला लागलेला वेळ (आयएनपी) २०० मिलिसेकंदांच्या आत, आणि वाचताना पान उड्या मारतं त्याचं माप (सीएलएस) ०.१ च्या आत. मार्च २०२४ आधी आयएनपीच्या जागी एफआयडी नावाचं जुनं माप होतं, एजन्सीच्या रिपोर्टात अजून एफआयडी दिसलं तर रिपोर्ट किती शिळा आहे ते समजून घ्या. आणि हे आकडे तुमच्या ऑफिसच्या वायफायवर मोजायचे नसतात, खऱ्या लोकांच्या भेटींपैकी ७५ टक्के भेटी त्यात बसायला हव्यात, मग त्यांचा फोन कितीही मरतुकडा असो.

तर स्लायडर काढून एकच फोटो ठेवा, वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फाइल प्रकारांमध्ये, फोनसाठी वेगळ्या छोट्या साइजचा. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहा म्हणजे पान उडी मारणार नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (तिथवर स्क्रोल केल्यावरच फोटो उतरणं) ठीक, पण पहिल्या मोठ्या फोटोला लावू नका, बरेच प्लगइन सरसकट सगळ्यांना लावतात आणि मग लोक डोकं खाजवतात की एलसीपी वाढला कसा.

मोबाइलचं म्हणाल तर गूगल आता मोबाइलवरचीच साइट वाचतं. ५ जुलै २०२४ नंतर तर जी साइट फोनवर उघडतच नाही ती इंडेक्सच (गूगलच्या यादीत दाखल) होत नाही. तेव्हा 'फोनवर जागा नाही' म्हणून मजकूर गाळला असेल तर तो गूगलच्या लेखी नाहीच.

ओळ_अन्_शब्द:
सगळे यंत्राबद्दलच बोलताय, मुद्दा राहिला. 'हॉस्पिटलचं डिझाइन' टाकल्यावर ही साइट यावी कशी, साइटवर तसं कुठे लिहिलंच नाहीये! सगळं पीडीएफमध्ये. पीडीएफ गूगल वाचतं, नाही असं नाही, पण फोनवर ती कोण चिमटीत धरून वाचणार.

माझ्या अनुभवात छोट्या फर्मला सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो. एकेका कामाला एकेक पान करा. हॉस्पिटलचं पान असेल तर त्यात तुम्ही क्लायंटला मीटिंगमध्ये जे सांगता तेच लिहा, म्हणजे पेशंटची ये-जा आणि सामानाची ये-जा वेगळी कशी काढली, हॉस्पिटल चालू असताना बांधकाम कसं केलं. 'आम्ही दर्जेदार सेवा देतो' हे वाक्य दिसेल तिथे खोडा. काम कोणी केलं त्या पार्टनरचं नाव आणि शिक्षण खाली द्या, वाचणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे. टायटल (टॅबवर आणि सर्चमध्ये दिसणारं पानाचं नाव) तपासा, निम्म्या साइटींवर सगळ्या पानांचं टायटल 'होम' असतं. कीवर्ड मेटा टॅगचे (पानाच्या कोडात लपवलेली शब्दांची यादी) कोणी पैसे मागितले तर २००९ सालीच गूगलने सांगितलंय की आम्ही तो रँकिंगला बघत नाही.

नकाशेवाला:
एवढ्या लवकर एवढं मिळेल वाटलं नव्हतं, आभार! पार्टनर म्हणणार की फोटोच बोलतात, लिहायचं कशाला, ती लढाई मी बघतो. दोन शंका. काही जुनी प्रोजेक्टची पानं काढायचीयत, ती सगळी होमपेजवर रीडायरेक्ट केली तर चालेल ना? आणि हे सगळं करायला एजन्सी तीच ठेवली तर?

जुना_सर्व्हर:
सगळी होमपेजवर नको. गूगल त्याला सॉफ्ट ४०४ ('पान सापडलं नाही' असंच) धरतं, म्हणजे केलं काय न केलं काय. जवळचं पान असेल तर तिकडे पाठवा, नसेल तर सरळ ४०४ देऊ दे, त्यात लाज नाही. रीडायरेक्ट कमीत कमी वर्षभर ठेवा, जमलं तर कायमचेच. सर्च कन्सोलमध्ये (साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) डोमेन प्रॉपर्टी, म्हणजे तुमचं पूर्ण डोमेन, आजच जोडून ठेवा, बदल करायच्या आधीचे आकडे हातात असले की नंतर भांडता येतं.

एजन्सी कोणतीही घ्या, पण पहिला प्रश्न हा विचारा की डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि लॉगिन कोणाकडे. आणि ते ट्रायलला जी कॉपी बनवतील तिच्यावर नोइंडेक्स ('हे पान सर्चमध्ये घेऊ नका' अशी सूचना) असणार, ते बरोबरच आहे, पण खरी साइट चालू करताना ते काढलं का हे स्वतः बघा. पानाचा सोर्स उघडून शोधायला मिनिटभर लागतं.

पिक्सेलपुराण:
आणि स्लायडर ठेवायचा हट्ट धरलाच पार्टनरांनी तर त्यांच्याच फोनवर, वायफाय बंद करून, साइट उघडायला लावा. तुम्ही काही बोलू नका.