मदत हवी आहे : पंप बंद करताना नोडएमसीयू रीसेट होतोय

मंडळी, गच्चीवरच्या टाकीसाठी ऑटोमॅटिक पंप केलाय. नोडएमसीयू (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड), ५ व्होल्टचं रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), टाकीत अल्ट्रासॉनिक सेन्सर. मोटर १ एचपीची, रिलेवर थेट नाही टाकली (स्टार्टिंग करंटने कॉन्टॅक्ट चिकटतात, एकदा हात पोळलेत), मध्ये २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा दणकट रिले) आहे.

टेबलावर बल्ब लावून दोन दिवस मस्त चाललं, पण खाली पॅनलमध्ये बसवल्यापासून पंप बंद झाला की दहातून तीन-चारदा तरी बोर्ड रीसेट होतो, कधी नुसताच हँग होतो आणि मग टाकी वाहतेय तरी पत्ता नाही, शेजारच्या काकू ओरडल्यावर कळतं.

आधी वाटलं सप्लाय कमी पडतोय, म्हणून १००० मायक्रोफॅरड कपॅसिटर लावला, चार्जर बदलला, शून्य फरक. मग मोटरची वायर काढून नुसता कॉन्टॅक्टर चालवला तरी तेच, म्हणजे घोळ कॉइलच्या किकचाच (कॉइल बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजचा) ना?

आता ती किक शोषायला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ (मेन्सवर चालणारा कपॅसिटर) चा स्नबर लावायचाय, पण तो कॉइलवर लावू की रिलेच्या कॉन्टॅक्टवर? कॉन्टॅक्टवर लावला तर रिले उघडा असतानाही साधारण ७ मिलिअँप जातील, त्याने छोटा कॉन्टॅक्टर गुणगुणणार किंवा सुटणारच नाही असं तर नाही होणार? की कॉइलवर एमओव्ही (जास्तीचा व्होल्टेज दाबणारा पार्ट) पुरे?

अजून एक, रिले मॉड्यूलवरचा जेडी-व्हीसीसी जंपर (रिलेच्या कॉइलचा आणि बाकी मॉड्यूलचा सप्लाय एकत्र जोडणारा) अजून तसाच आहे. तो काढून रिलेला वेगळा सप्लाय दिला तर खरंच फरक पडतो का? कोणी करून बघितलं असेल तर सांगा.