मृणाल गोरे यांची मूल्ये घरातून आली की चळवळीतून?

प्रश्न : नागरिकशास्त्राची शिक्षिका

स्थानिक पातळीवर राजकीय काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मूल्यांवर कौटुंबिक जीवनाचा काय परिणाम होतो, याविषयी मी विद्यार्थ्यांसाठी टिपण तयार करीत आहे आणि त्यासाठी मुंबईतील गोरेगावच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांचे उदाहरण निवडले आहे. पतीचे अकाली निधन झाले, पदरी लहान मुलगी होती, म्हणून त्यांना सामान्य बायकांचे हाल कळले आणि त्यातूनच त्या लोकांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या, अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. ही मांडणी मला फार सोपी वाटते. जाणकारांचे मत काय आहे?

उत्तर १ : गोरेगावकर

आपली शंका रास्त आहे, कारण नुसता घटनाक्रम पाहिला तरी ही मांडणी डळमळते. मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले ते राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीच्या ओढीने, आणि केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला तो त्यानंतर, १९४८ मध्ये. तोही आंतरजातीय होता. म्हणजे विचार आधी ठरले होते आणि संसार त्या विचारांना धरून उभा राहिला. गोरेगावातील महिला मंडळ आणि कुटुंबनियोजनाचे काम हेही १९५० च्या दशकातले, पती हयात असतानाचे. (डॉक्टर होता होता राहिलेल्या बाईने त्या काळात कुटुंबनियोजन हाती घ्यावे, यात मला त्या सोडलेल्या शिक्षणाचा धागा दिसतो, अर्थात हा माझा तर्क आहे.)

१९५८ मध्ये बंडू गोरे गेले, तेव्हा मूल्ये बदलली नाहीत, जबाबदारी बदलली. दोघांनी मिळून चालवलेले काम एकटीवर आले आणि १९६१ मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या. पतीच्या नावाने उभा राहिलेला केशव गोरे स्मारक ट्रस्ट पुढे गोरेगावच्या सार्वजनिक जीवनाचे एक केंद्र झाला. वैयक्तिक दुःख कार्यकर्त्याला घडवते असे म्हणायचेच असेल, तर ते या अर्थाने म्हणावे : त्या दुःखाला काम देणारी माणसे आणि संघटना भोवती आधीच होती. तशी ती नसती, तर हेच दुःख घराच्या चार भिंतींतच राहिले असते.

उत्तर २ : वॉर्डातली कार्यकर्ती

वरील उत्तरातील घटनाक्रम मान्य असला, तरी घराचा वाटा त्यात कमी धरला गेला आहे असे मला वाटते. मी अनेक निवडणुकांत घरोघरी प्रचार केला आहे. नळाला पाणी किती वाजता येते, ते किती वेळ टिकते आणि त्या वेळेत बाई दाराशी बोलायला थांबूच शकत नाही, हे जिला स्वतः हंडे भरावे लागतात तिला कोणी सांगावे लागत नाही. कोणते प्रश्न महत्त्वाचे मानायचे, ते दिवसाच्या अशा कामांतूनच ठरत जाते.

यासाठी १९७२ ची महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती पाहावी. तिच्यात मृणालताईंबरोबर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर होत्या. अहिल्याताई कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिवे यांच्या भगिनी, म्हणजे राजकारण त्यांच्या माहेरातच होते. मृणालताईंचा मार्ग निराळा आणि पक्षही निराळा. तरीही तेल, साखर, धान्य आणि रॉकेल या प्रश्नांवर दोघी हातात लाटणे घेऊन एकाच मोर्चात चालल्या. त्यांच्या माहेर-सासरांत साम्य शोधण्यापेक्षा, रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या शहरातील सगळ्याच घरांची जी ओढाताण चालली होती, ती त्या दोघींना नीट कळत होती, हे लक्षात घ्यावे. समितीत पक्षाबाहेरच्या बायका मोठ्या संख्येने आल्या, त्याचेही कारण हेच.

उत्तर ३ : जुना सेवादली

दोन्ही उत्तरे आवडली, पण ‘घरामुळे घडली’ हे आपण बहुधा बाईविषयीच का म्हणतो? आर. आर. पाटील यांचे बालपण अंजनीसारख्या लहान गावात गरिबीत गेले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेतून त्यांचे शिक्षण झाले. पुढे ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबवले, तेव्हा गावाची ती जाण त्यांचे कर्तृत्व म्हणून सांगितली गेली. मृणालताईंच्या बाबतीत मात्र वैधव्य हे कारण म्हणून पुढे केले जाते आणि गोरेगाव ग्रामपंचायतीच्या काळापासूनची संघटनेची मेहनत मागे पडते.

टिपणात आणखी एक बाजू यावी, असे सुचवतो. पूर्ण वेळ सार्वजनिक काम करणाऱ्याचे घर कोण चालवते, मुलांकडे कोण पाहते आणि पैसे कोण कमावते, हे विद्यार्थ्यांना विचारायला लावा. पुरुष कार्यकर्त्यांच्या चरित्रांत हा मजकूर बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेला असतो. आपल्या भागातील एखादे नगरसेवक किंवा सरपंच यांना विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष भेटून हेच विचारले, तर टिपणासाठी पुस्तकांत न सापडणारी माहिती मिळेल. मात्र महिला सरपंचांना भेटताना प्रश्न त्यांनाच विचारावेत; उत्तरे द्यायला शेजारच्या खुर्चीवरचे यजमान पुढे सरसावतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.