मदत हवी आहे: 'वहाण' आणि 'जोडा' कोणत्या पातळीवर ठेवू?
पादत्राणांची वर्गवार शब्दसूची करतोय. सगळ्यात वर 'पादत्राण'. त्याखाली टाच मोकळी ती चप्पल, टाचेमागे पट्टा असला की सँडल, पाऊल पूर्ण झाकलं की बूट, असा निकष लावला. खडावा, सपाताही बसल्या.

पण 'चपला बाहेर काढा' म्हटलं की बूटवालाही बूट काढतोच! म्हणून 'चप्पल'ला दोन नोंदी दिल्या: एक सर्वसाधारण, एक विशिष्ट.

अडलंय पुढे. 'जोडे झिजवणे' वगैरे वाक्प्रचार वेगळे काढलेत, त्यामुळे ते नकोत. आजच्या बोलण्यातला वापर हवा. 'वहाणा' म्हटल्यावर तुमच्याकडे बूट त्यात येतात, की फक्त पट्ट्यांच्या चामडी चपला? आणि 'एक जोडा' म्हणजे एका पायातला की दोन्ही?